घाटावरची सरासरी

बुलढाणा जिल्ह्याची सरासरी काढू नये. काढलीच तर चारचौघांत सांगू नये. मे महिन्यात घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे कूलरसुद्धा गरम वारा फेकतो आणि घाटावर बुलढाण्यात पहाटे अंगावर पांघरूण ओढावं लागतं. दोन्हीकडच्या तापमानांची बेरीज करून दोनने भागलं की एक फार सुखद आकडा येतो. तो अनुभवायचा असेल तर राजूर घाटातल्या मधल्या एखाद्या वळणावर एसटी बंद पडावी लागते. तेरा तालुके, एक कलेक्टर आणि मधून गेलेली अजिंठ्याच्या डोंगराची कड. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची माणसं 'तिकडचं पाणी' हा विषय काढतातच.

अशा जिल्ह्यात राहून मी सांख्यिकी हा विषय घेतला आणि तोही घरच्यांना नीट सांगता येणार नाही असा. आत्याने विचारलं, "याच्यात मास्तरीण होता येते का?" काका म्हणाले, "जनगणनेले कामी येईन." शेजारच्या आजींनी थोडा विचार करून निकाल दिला, "म्हंजे मोजमोजीच न?" बीएस्सीची तीन वर्षं संपल्यावर माझं मत असं आहे की आजींची व्याख्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा फारशी वाईट नाही.

कॉलेज लहान होतं. फाटकावर 'कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय' अशी लांबलचक पाटी, आत एक इमारत, एक सायकल स्टँड आणि कडुलिंबाखाली पाण्याची टाकी. अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेज नावाचा प्रकार असतो. गणितवाल्याने थोडी कविता वाचावी, कवितावाल्याने थोडं गणित करावं, अशी तिथे मुद्दाम सोय केलेली असते आणि त्या सोयीची फी ऐकली तर आपल्याकडे माणूस वावर विकायला काढेल. आमच्याकडे ही सोय फुकट होती, कारण भिंती पातळ होत्या. आमची खोली मराठी विभागाला लागून. इकडे फळ्यावर रिग्रेशनची रेषा चढायची आणि भिंतीपलीकडून विरहिणी ऐकू यायच्या. "दोन्हीकडे दुःख एकच आहे," आमचे सर खडू झटकत म्हणायचे, "अंतराचं."

आमच्या विषयात तीसपेक्षा कमी निरीक्षणं असली की नमुना लहान समजावा, असा एक ढोबळ नियम आहे. त्या नियमाने आमचा वर्ग तिन्ही वर्षं लहान नमुना होता. सर हजेरी घेत नसत, नुसती नजर फिरवत. लहान नमुन्यांचं शास्त्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर गाळण्याच्या कामावर होता. जवाच्या मोजक्या निरीक्षणांवरून त्याला निर्णय घ्यावे लागत. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लेख छापू देत नव्हती, म्हणून १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने आपला लेख छापला आणि ते नाव आजतागायत पाठ्यपुस्तकात आहे. सर म्हणाले, "जगातला सगळ्यात नावाजलेला स्टुडंट बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. ही गोष्ट घरी सांगू नका." अर्थात सगळ्यांनी घरी सांगितली. माझे आजोबा माळकरी. गजानन महाराजांच्या पालखीबरोबर शेगावहून पंढरपूरला पायी जाणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुमच्या पेपरात काय काय येते?"

दिवाळीच्या सुमारास सरांनी आम्हाला वह्या देऊन बाजार समितीत पाठवलं. सोयाबीनची आवक जोरात होती. अडत्याचा माणूस पोत्याच्या पोटात टोकदार पोकळ सळई खुपसतो, तिच्यातून आलेले दाणे तळहातावर पसरतो, दोन दाणे दाताखाली मोडतो आणि त्यावरून अख्ख्या ट्रॉलीची हर्रासी लागते. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. तो मोजायचं यंत्र बाजूच्या टेबलावर होतंच, पण दाताला त्याच्यापेक्षा मान होता. शेतकरी चांगला माल पोत्याच्या तोंडाशी ठेवतो हे अडत्याला माहीत, म्हणून तो सळई खालून घालतो. अडत्या खालून घालतो हे शेतकऱ्याला माहीत, म्हणून तो खालीही थोडा चांगला माल ठेवतो. नमुना निःपक्ष कसा निघावा यावर आमच्या पुस्तकात एक प्रकरण होतं. बाजार समितीत तो एकमेकांवरच्या अविश्वासातून आपोआप निघत होता.

पण आमच्या सरांचं खरं प्रेम 'अधिक-उणे' या चिन्हावर. उत्तरापुढे ते लिहिलं नाही तर ते वही परत करत. त्यासाठी त्यांच्याकडे घरचं उदाहरण होतं, लोणारचं. अशनीच्या आघाताने झालेलं ते विवर आणि त्यातलं खारं सरोवर आपल्याच जिल्ह्यात. त्याचं वय बरीच वर्षं सुमारे ५२ हजार वर्षं सांगितलं जायचं. मग २०११ मध्ये खडकातल्या आरगॉन वायूवरून पुन्हा हिशेब झाला आणि उत्तर आलं ५ लाख ७० हजार वर्षं, अधिक-उणे ४७ हजार. म्हणजे आधी जेवढं अख्खं वय धरलं होतं, जवळजवळ तेवढी आता नुसती चुकीची मुभा. लोणारची एक मैत्रीण वर्गात होती. तिने हात वर करून विचारलं, "सर, आधार कार्डावर जन्मतारखेपुढे असं लिहून मिळेल का?" सर हसले नाहीत. म्हणाले, "मिळायला पाहिजे."

आणि याच जिल्ह्यात असं एक ठिकाण आहे जिथे अधिक-उणे हे चिन्ह कधी पोहोचलंच नाही. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या वावरात घट मांडतात. मधे खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांच्यावर पाण्याची घागर, पापड, करंजी, वडा, भजी, पानविडा आणि भोवती गोलात अठरा धान्यं. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य किती हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणतात. पहाटे ऐकायला गर्दी असते आणि दुपारपर्यंत भाकीत जिल्हाभर झालेलं असतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आणि वर्गातली एक मैत्रीण, आम्ही दोघींनी हाच विषय धरला. जुनी कात्रणं जमवायची, प्रत्यक्ष पावसाचे आकडे समोर मांडायचे आणि भाकीत किती वेळा बरोबर आलं ते पाहायचं. आठवडाभरातच गाडी अडली. 'कमी-जास्त', 'साधारण', 'लहरी' या शब्दांना मिलिमीटर लावायचे कसे? कमी-जास्त पाऊस न पडलेला एकही जून आम्हाला सापडला नाही. जे वाक्य खोटं पडूच शकत नाही त्याला आमच्या विषयात गुण देता येत नाहीत. आम्ही थोड्या ऐटीत सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले, "मग हवामान खात्याचंही तपासा." ते तपासलं. खात्याचा अंदाज काटेकोर होता. देशाची मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला तर पाऊस सामान्य आणि अंदाजात चार-पाच टक्के अधिक-उणे. सरांच्या पसंतीला उतरावं असं सगळं. पण त्यात उडदाचं नाव नव्हतं. मूग नव्हता, तूर नव्हती, नांदुरा तर नव्हताच. भेंडवळला निदान उडदाची वेगळी चौकशी होते. लोक तिकडे का जातात याचं उत्तर आम्हाला प्रकल्पात मिळालं, पण ते कोणत्या तक्त्यात बसवावं हे कळेना. शेवटी आम्ही ते आभारप्रदर्शनाच्या पानावर लिहिलं.

एका तक्त्यावर मात्र वर्गात कुणी हसलं नाही. २०११ च्या जनगणनेचा तो तक्ता. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे आपल्या जिल्ह्यात मुली किती, तर साडेआठशेच्या घरात. ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजाला दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला माणसांचा पूर लोटतो, त्याच जिल्ह्याचा हा आकडा. सरांनी तो फळ्यावर लिहिला, बाजूला अधिक-उणे लिहिलं नाही आणि म्हणाले, "जनगणना आहे. नमुना नाही." त्या दिवशी वर्गात मुली जास्त होत्या.

सरासरीवरून भांडणारी मोठी माणसं आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेली, हे मला कॉलेजात कळलं. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दररोज दरमाणशी २२५० कॅलरींची रेघ धरून देशातलं दारिद्र्य मोजलं. पां. वा. सुखात्मे म्हणाले, असं नाही चालायचं. एकच धडधाकट माणूस आज जास्त खातो, उद्या कमी, आणि त्याचं शरीर ते सांभाळून घेतं. रेघेखाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी धरू नका. दांडेकर आणि सुखात्मे, दोघंही आकड्यांतले दिग्गज, दोघंही पुण्यात राहणारे. वाद मिटतो कसला! मी हा वाद आजीला समजावून सांगितला. ती म्हणाली, "एकादशीले मोजाले आले तर गावात कोणीच गरीब निंगत नाई." भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा, रताळ्याचा कीस आणि वर केळं हा तिचा उपास मी पाहिला आहे. सुखात्म्यांना ही साक्ष उपयोगी पडली असती.

हे सुखात्मे साताऱ्याकडच्या दुष्काळी खटाव तालुक्यातल्या बुध गावचे. जन्म १९११ चा. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला बरीच वर्षं होते. पण आमच्या सरांच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम त्याच्या आधीचं. १९४० च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. आज आपल्या गावात तलाठी आणि कृषी सहायक दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन येतात, ते या दोघा मराठी माणसांच्या पावलांवरून.

आम्ही असा एक प्रयोग उभं राहून पाहिला. सोयाबीन पिवळं पडून वाळलं होतं, शेंगा खुळखुळत होत्या. गाव चिठ्ठी टाकल्यासारखं निवडलेलं, गावातला गट नंबर तसाच आणि वावरातली जागाही तशीच. वावराच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. यादृच्छिक आकडे आधीच काढलेले असतात, तेवढी पावलं लांबीच्या बाजूने, तेवढी रुंदीच्या बाजूने. जिथे थांबाल तिथे पहिली खुंटी. मग ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, दोरी ताणायची, आतलं पीक कापायचं, तिथेच मळायचं आणि वजन करायचं. ऐकायला सोपं आहे. पण खुंटी ठोकण्याआधी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात एक जागा असते. वावरवाल्याला वाटतं खुंटी मर लागलेल्या पट्ट्यात यावी, पीक विम्याच्या माणसाला वाटतं दाट पिकात यावी आणि कोतवालाला वाटतं बाभळीच्या सावलीत यावी. आकडा कुणाचंच ऐकत नाही, म्हणून तर तो ठेवलेला. त्या दिवशी तो ऐन उन्हात, ना दाट ना विरळ अशा जागी नेऊन थांबला आणि तिघंही सारखेच नाराज झाले.

दोरी ताणली आणि खरी गंमत कडेला सुरू झाली. काही झाडं धड आत नाहीत, धड बाहेर नाहीत. खोड दोरीला टेकलेलं, फांद्या आत, मूळ कुठे ते दिसत नाही. नियम असा की मुळाचा अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तर झाड आत. पण कापणारी बाई खाली वाकलेली, समोर शेंगांनी लगडलेलं झाड, हातात विळा. हात ते झाड आतच ओढतो. लबाडी नसते त्यात. पिकलेलं झाड सोडवत नाही, एवढंच.

त्या हातावर सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर'सारख्या साप्ताहिकात लिहिलं. तिकडे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस पिकाचे अगदी लहान तुकडे कापून अंदाज काढत होते. काम झपाट्याने व्हायचं, खर्च कमी. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त, आणि कड जास्त म्हणजे आत ओढलेली झाडं जास्त. उत्पन्न फुगून दिसतं. तुकडा मोठा घ्या, हाताच्या मोहाला वाव कमी मिळतो. महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्राचे पितामह. २९ जून हा त्यांचा जन्मदिवस देश सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. त्यांच्याशी दोरीच्या आत-बाहेरच्या झाडांवरून वाद घालायला बुधच्या माणसाला संकोच वाटला नाही, याचं मला फार कौतुक आहे.

कडेच्या झाडांनी काय बिघडतं, असं शहरातला वाचक विचारील. त्याच्यासाठी पीक विम्याचा हिशेब सांगते. महसूल मंडळातल्या मागच्या सात वर्षांपैकी चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. हे झालं 'उंबरठा उत्पन्न'. यंदाची मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तर भरपाई, वर राहिली तर नाही. यंदाची सरासरी येते कुठून? मंडळातल्या जेमतेम दहा-बारा वावरांतल्या चौकोनांतून. त्या चौकोनांत चार-चार झाडं जास्त आली की सरासरी उंबरठा ओलांडून वर जाऊन बसते आणि मंडळातल्या शेकडो घरांना त्या वर्षी काही मिळत नाही.

माझ्या मामाचं वावर नाल्याच्या काठी. एका वर्षी पीक तीन दिवस पाण्यात उभं होतं. मंडळात बाकी सगळीकडे ठीक होतं, सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. मामा मला म्हणाले, "पोरी, माह्या वावरात कमरेइतकं पानी होतं न् तुह्या सरासरीचे पाय बी ओले नाई झाले." तीन वर्षांत शिकलेलं सगळं मी मनातल्या मनात चाळून पाहिलं. प्रमाण विचलन काढून त्यांना काही उपयोग नव्हता. सर म्हणाले, घटक लहान करा, मंडळाऐवजी गाव धरा, मग मामाचा नाला दिसेल. पण मग प्रयोग किती करावे लागतील, माणसं कुठून आणायची? २०२३ च्या जुलैत संग्रामपूर-जळगाव जामोदकडे पुराने वावरं खरवडून नेली तेव्हा घाटावर काही ठिकाणी पेरणीचीच वाट पाहणं चाललं होतं. जिल्ह्याच्या सरासरीत ही दोन्हीकडची माणसं एकाच खुर्चीत बसवलेली असतात.

पैसेवारीचं तेच. आमच्याकडे पीक पैशांत मोजतात. पूर्वी आण्यांत मोजत, म्हणून जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलतींची आशा, वर गेली तर गाव पास. आमचं विद्यापीठ चाळीसला पास करतं, पण तिथे पास होण्यात आनंद असतो.

२०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा बंद झाला. आता शेतकऱ्याला हप्ता भरावा लागतो, आणि भरपाई ठरते ती मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून आलेल्या उत्पन्नावर. पूर्वी पावसाने नुकसान झालं की फोन करून कळवायची निदान सोय होती, ती गेल्यावर मोठा भार त्या दोरीवर आला. तेव्हा येत्या हंगामात तुमच्या गावात प्रयोगाची तारीख लागली की चावडीवर चौकशी करा आणि त्या वावरात जाऊन उभे राहा. भांडायला नको. दोरी ताठ आहे का आणि कडेचं झाड मुळाशी पाहून घेतलं जातंय का, एवढंच पाहा. तलाठीभाऊंना पाणी विचारा, ऊन फार असतं.